डोक्यामागचा खांब

आमचं मूळ गाव आजऱ्याकडचं. वडील भांड्यांना कल्हई लावायचे, मीबी त्यांच्यासंगं गावोगाव हिंडलो, पण धुरानं माझा दम कोंडायचा, म्हणून त्यांनी मला कोल्हापुरात एका फोटो स्टुडिओत चिकटवलं. मालक तोंडानं तिखट. म्हणायचे, दिलावर, आधी कॅमेऱ्याच्या काचेतले चार कोपरे बघ, मग माणसाच्या मागं काय हाय ते बघ, मग बटण दाब. साधं वाटतं न्हवं? पण काय सांगू तुम्हाला, घाई झाली की नेमकं हेच राहतं.

पुढं माझा स्वतःचा स्टुडिओ झाला. एकदा आमच्या गावचा दत्तू पाटील मला न्यायला आला. त्याची आई आजारी, आणि जन्मात तिचा एकबी फोटू न्हवता. गेलतो तवा रोलात दोनच फोटू शिल्लक. म्हातारीला घरापुढच्या सोप्याच्या कडंला खुर्चीत बसवली, उजेडाला. भिंतीवर लावायचा फोटू म्हंजे दोन्ही डोळे समोर पायजेत, रीतच तशी. मी सगळं ध्यान तिच्या तोंडावर ठेवलं आणि दाबलं बटण. दुसऱ्या वेळंला ती गोठ्याकडंच बघत बसली. मावशी, हिकडं बघा की, म्हटलं, तर ऐकंना. तसाच काढला, तिच्या नजरेपुढं जागा सोडून. मालकांचीच शिकवण, माणूस जिकडं बघतंय तिकडं जागा ठेव, न्हायतर नजर भिंतीवर आपटती.

आठवड्यात म्हातारी गेली. फोटू धुतले, तर पहिल्यात सोप्याचा खांब बरोबर तिच्या डोक्यातनं वर आलेला. तो खांब मी बघितलाच न्हवता. आता दत्तूची आई परत कुठनं बसवू खुर्चीत?

दत्तू बायकोला घेऊन आला. म्हणाला, दिलावर, माझ्या आईला शिंग काढलंस व्हय रं? दुसरा दाखवला तर म्हणाला, ह्यात एकच डोळा दिसतोय, आणि पुढं ही रिकामी जागा कशाला, काप की. म्हटलं, दत्तूअण्णा, मला मार, पण कापायला लावू नको. त्याच्या बायकोनं फोटू हातात घेतला, दाराच्या उजेडाला धरला आणि म्हणाली, अवो, आत्याबाई माझ्याकडं बघत्यात. मी गोठ्यात म्हशीची धार काढत होते तवा. गेल्या तरी नजर हलत न्हाय बघा. दत्तू हसला आणि हसता हसता रडाय लागला. तोच फोटू, न कापता, भिंतीवर लागला.

आता माझ्या डोळ्यांत पडदा आलाय, स्टुडिओ लेक बघती, रंगीत फोटू काढती. अल्लाच्या मेहरबानीनं बरं चाललंय. माझा फोटू काढता म्हणता, पावणं? काढा की. पण आधी माझ्या डोक्यामागं काय हाय ते बघा. आणि मी दाराकडं बघणार, लेक यायची वेळ झालीया. त्या अंगाला जागा सोडा.