नोटीस बोर्डावरची निनावी लॅटिन कविता

मंडळाचे अध्यक्ष माननीय काशिनाथराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे प्रोफेसर व्हिटकोम, आजच्या सत्कारमूर्ती इरावतीबाई, त्यांचे यजमान चंद्रहासकाका, आणि एवढ्या वाऱ्यातून जॉन्सनव्हिलच्या या हॉलमध्ये आलेल्या बंधुभगिनींनो, माओरीत किआ ओरा आणि मराठीत नमस्कार.

बाई पुढच्या आठवड्यात कायमच्या पुण्याला निघाल्या. आपण त्यांना ओळखतो ते शनिवारच्या मराठी वर्गामुळे. जवळजवळ चार वर्षं मुलं इंग्रजीत उत्तरं देत राहिली आणि बाई मराठीत विचारत राहिल्या. पण त्याआधी त्या कॉलेजात मध्ययुगीन लॅटिन शिकवायच्या, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि ते का थांबलं, हे कोणी विचारलंय?

मी सिद्धी. २०१३ साली इथे न्यूझीलंडमध्ये स्टुडंट व्हिसावर होते. आयटी शिकता शिकता जादा विषय म्हणून बाईंच्या वर्गात बसले. त्या आम्हाला आठशे वर्षांपूर्वीच्या भटक्या विद्यार्थ्यांच्या कविता शिकवत. या विद्यापीठातून त्या विद्यापीठात फिरणारी ही पोरं स्तोत्राच्या चालीवर दारूची गाणी रचायची, वसंतावर, प्रेमावर लिहायची, आणि लोभी बिशपांची यथेच्छ टर उडवायची. बऱ्याच कवितांखाली नाव नसे.

"नम्रतेमुळे का, बाई?" मी विचारलं होतं.

"काही वेळा नम्रता," बाई म्हणाल्या. "काही वेळा भीती."

त्याच वर्षी माझी वर्गमैत्रीण जुई हिचे वडील नाशकात वारले. परीक्षा पुढे ढकलून मागायला ती विभागप्रमुखांकडे तीनदा गेली. तिन्ही वेळा निरोप आला, सर मीटिंगमध्ये आहेत. ती तशीच परीक्षेला बसली आणि नापास झाली. आठवड्याभराने नोटीस बोर्डावर सोळा ओळींची लॅटिन कविता लागली. त्यात एक बिशप होता. त्याच्या दाराशी कोणी रडत आलं, की महाराज देवाशी बोलताहेत असं सांगून परत पाठवत. नाव कोणाचंच नव्हतं, पण रोख सगळ्यांना कळला. चौकशी बसली.

ते विभागप्रमुख म्हणजे प्रोफेसर व्हिटकोम. बाईंचे जुने सहकारी म्हणून मंडळाने त्यांना बोलावलं. मंडळाला यातलं काही माहीत नव्हतं. चंद्रहासकाका, तुम्ही सरांना हळू आवाजात इंग्रजीत सांगताय. पुढचं काही गाळू नका, एवढी विनंती.

ती कविता मी लिहिली होती.

बाईंना पहिल्याच दिवशी कळलं. एक क्रियापद मी नेहमी चुकायचे, ते तिथेही चुकलं होतं. त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

"व्हिसा कधी संपतो?"

"पुढच्या जूनमध्ये."

"मग गप्प बसायचं. आणि सहावी ओळ सुधार."

चौकशीत बाई खोटं बोलल्या नाहीत. "कोणी लिहिली ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही," एवढंच म्हणाल्या. डिसेंबरात त्यांचं कंत्राट संपलं, ते पुन्हा मिळालं नाही. मी पास झाले, नोकरी लागली, रेसिडेन्सी आली. दर शनिवारी याच हॉलमध्ये मी बाईंना चहा आणून द्यायचे. पहिली दोन वर्षं भीतीने बोलले नाही. नंतर का बोलले नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

बाई, तुम्ही मला हाताने खाली बसायला सांगताय. आज नाही ऐकणार. दुपारीच कॉलेजला पत्र गेलंय, पूर्ण नावानिशी. माझ्या पदवीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

काका, सर काय म्हणाले?

"जुई आता कुठे असते?" असं विचारताहेत?

पुढच्या वर्षी ती पास झाली, सर. ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनला नोकरी करते. तुम्हाला बोलायचं असेल, तर फोन नंबर देईन.

अध्यक्षांनी दिलेल्या पाच मिनिटांहून जास्त बोलले, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. शब्द कुठे घसरला असेल तर पोटात घाला. बाकीची माफी सभागृहाकडे मागायची नाही. ती मागायला मी बाईंच्या खुर्चीपाशी जाते.