सहा फुटी बाण

...नाही, पण मला एक सांगा, एवढा मोठा बाण काढायची काही गरज होती का? आधीच माफी मागतो हं, शब्द साधे आहेत, सातवीत शाळा सोडली, हे कागदावर उतरवून आणलंय त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ असणारच. भिंतीवर मात्र माझं एक अक्षर चुकत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक लिहून देतं आणि मी नुसतं रंगवतो! पाट्या रंगवायचा धंदा माझा. आणि धंद्याचा नियम एकच, पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे.

तर आमच्या रस्त्यावर गुप्तरोगांचा दवाखाना निघाला. तिथल्या सल्ला देणाऱ्या बाईंनी मजकूर दिला, 'लाज सोडा, तपासून घ्या. लग्नाआधी दोघांनीही.' म्हणाल्या, "दाराशी छोटीशी पाटी कर." छोटीशी? मी? तुम्हाला सांगतो, अख्खी भिंत घेतली! पिवळ्यावर लाल! आणि दाराकडे सहा फुटी बाण! बाई बघतच राहिल्या, मला वाटलं, कौतुकानं...

इथवर ठीक. पण पुढच्या महिन्यात माझं लग्न, आणि दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त परगावी असताना एकदा... म्हणजे... समजून घ्या ना, सगळं काय माझ्याच तोंडून वदवता! निरोध होता हो खिशात! काढायला लाजलो! आता एकच भुंगा डोक्यात, मला काही असलं आणि माझ्यामुळे होणाऱ्या बायकोला झालं तर? ती चपलांच्या दुकानात कामाला, दिवसभर लोकांच्या पायाशी बसूनही हसतमुख, तिनं कुणाचं काय वाकडं केलंय?

म्हणजे जायलाच हवं. लाज सोडा, तपासून घ्या! लिहिलं कुणी? मी! सोडली का? छे!

सोमवारी गेलो. दारात पाय टाकणार, तोच समोरच्या दुकानातून शिंपीकाका ओरडले, "काय रे पेंटर, आत कुठे?" म्हटलं, "काका, बाणाचं टोक फिकं पडलंय!" झक मारत घरी गेलो, ब्रश आणला, टोक रंगवलं. मंगळवारी गेलो तर वहिनी! सख्खी! भाजीची पिशवी घेऊन! "भाऊजी, इथे काय?" "टोक, वहिनी, टोक!" मारला रंगाचा दुसरा हात. बुधवारी तर शिंपीकाकांनी खुर्चीच बाहेर टाकली, "आज कितवा हात रे?" तुम्हाला सांगतो, त्या टोकावर एवढा थर चढला की अंधारात चाचपूनही दार सापडावं! लाज सोडा म्हणे...

गुरुवारी बाईच बाहेर आल्या. हळूच म्हणाल्या, "ये आत. कुणी विचारलं तर खिडकी रंगवायचीय म्हणून सांग." गेलो. बसलो. बाई विचारतात कशा, तर शिंप्यानं मापं घ्यावीत तशा! कधी, कुणाबरोबर, निरोध वापरलास का? मी फरशीकडे बघून, "खिशात होता." तर म्हणतात, "खिशाला आजार होत नाहीत रे बाळा!"

रक्त दिलं. एचआयव्ही नव्हता, पण सिफिलिस निघाला. माझा चेहरा रडवेला, तर बाई म्हणाल्या, "अरे, बरा होतो! आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध नाही. आणि तिला सांगायचं. तू स्वतः."

इंजेक्शन परवडलं हो! पण तिला सांगायचं? लाज सोडा... भिंतीला काय जातंय बोलायला!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिलो. ती शटर उचलत होती. मी एका दमात ओकलो, परगाव, खिसा, सिफिलिस, तीन इंजेक्शनं! शटर अर्ध्यावरच थांबलं. म्हटलं, संपलं. "लग्न नको असेल तर... तसं सांग."

"राग आलाय," ती म्हणाली. "दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस. पण सांगितलंस ते बरं केलंस. डॉक्टरांनी बरा झालास म्हटलं की ये, मग तारीख बघू."

"आणि तू पण एकदा... तपासून..."

"माझी तपासणी झाली मागच्याच महिन्यात. तूच लिहिलंयस ना, दोघांनीही?"

मी गार! "अगं, पण गेलीस कशी? शिंपीकाका बसलेले असतात ना समोर!"

"मागच्या गल्लीतल्या दारानं."

"मागे दार आहे?"

"सगळे तिथूनच जातात! तुझा तो बाण दिसला की कळतं, इकडून जायचं नाही!"

आणि शटर वर ढकलून आत गेली. म्हणजे बघा, पाटी लोक वाचतात, तपासायलाही जातात, बाई खूश... फक्त पुढच्या दारानं आत गेलेला अख्ख्या शहरात एकच माणूस. पेंटर!