घडी मोडायला दिलेली साडी

दिनांक २ मे २०१६, वार सोमवार, सकाळी साडेदहा.

नाव केसरबाई भ्र. सुंदरराव आघाव, वय ४६ वर्षे, धंदा सूतगिरणीत मजुरी, रा. पाली, ता. जि. बीड. मोबाईल मुलाचा आहे, तो ठाण्याबाहेर लिंबाखाली उभा आहे.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायाने येऊन समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, नवरा सुंदरराव व तीन शेळ्या असे राहतो. नवरा शेळ्या राखतात. मुलगा भारत, वय २५, पुण्याकडे एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे. मी सहकारी सूतगिरणीत साच्यावरचे, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरचे, तुटलेले धागे जोडण्याचे काम अकरा वर्षांपासून करते. ज्यांच्यावर साडीचोरीचा अर्ज आला आहे त्या बायडाबाई भ्र. सटवा शिंगारे माझ्या समोरच्या साच्यावर असतात. आमच्या दोघींमध्ये चार पावलांची वाट आहे. साच्याच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ओठांवरून ओळखतो. अकरा वर्षांत तिचे तोंड मी जेवढे पाहिले तेवढे नवऱ्याचेही पाहिलेले नाही.

अर्ज माझ्या मुलाने दिलेला आहे. तो शनिवारी, ३० तारखेला, मी कामावर असताना दिला. अर्जात साडी माझी आहे असे लिहिले आहे, तेवढे खरे आहे. पुढचे मी सांगते.

साडी मोरपंखी रंगाची, जरीच्या काठाची आहे. २०१२ च्या दिवाळीला भारतने पहिल्या पगारातून आणली. त्या महिन्यात त्याने खानावळ बंद ठेवून वडापाववर दिवस काढले, हे मला पुढे त्याच्या मित्राकडून कळले. कळल्यावर ती साडी अंगाला लावायला माझा जीव होईना. पेटीत ठेवली.

आमच्याकडे नवी साडी स्वतः नेसण्याआधी जिवाच्या माणसाला एकदा नेसायला देतात, त्याला घडी मोडणे म्हणतात. साहेबांना हे माहीत नव्हते, जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांना माहीत होते. त्या साली गिरणीतल्या आम्हा पाच जणींत वयाने मोठ्या छबुबाईच्या भाचीचे लग्न निघाले. छबुबाईकडे नेसायला धड साडी नव्हती, म्हणून ती लग्नाला न जाण्याची कारणे शोधत होती. मी तिला म्हणाले, "छबुबाई, माझ्या साडीची घडी मोडून दे गं." असे म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. तिने साडी धुऊन, इस्त्री करून, दुकानातल्या घडीवर घडी बसवून, दुकानाच्या पिशवीत घालून परत आणली. वरची किमतीची चिठ्ठीसुद्धा चिकटवून आणली. म्हणाली, "मोडली न्हाई बाई तुझी घडी, लई चिवट हाय."

घडी मोडलीच नाही म्हटल्यावर ती पुन्हा कोणाला तरी मोडायला देणे भाग होते. तेव्हापासून आम्ही पाच जणी असेच करत आलो. लग्न असो, बारसे असो, ज्या बाईच्या घरी काम निघेल तिला मी घडी मोडायला सांगते. साडेतीन वर्षांत ती घडी सतरा वेळा मोडली आहे, तरी साडी नवी आहे. उसनी हा शब्द कोणी काढायचा नाही, जी काढील तिने सगळ्यांना चहा पाजायचा, असे ठरले होते. आजवर चहा कोणाला लागू झाला नव्हता. मघाशी साहेबांनी "उसनी दिली होती का?" असे मला विचारले. साहेबांना चहा लागू होतो, पण तो विषय मी इथे काढत नाही.

असे का करता, साड्या का घेत नाही, असेही साहेबांनी विचारले. मी सहा वर्षांपूर्वी दिवसाची जेवढ्या रुपयांची हजेरी घेत होते तेवढ्याचीच आज घेते. गिरणी अडचणीत आहे असे दरवर्षी सांगतात, दुष्काळ तर दिसतोच. तूरदाळ सत्तरची दीडशेच्या वर गेली. डब्यात दाळीच्या जागी येसराची आमटी आली. भाजलेल्या धान्याची पूड पाण्यात कालवून उकळली की आमटी होते, दाळ लागत नाही. रिक्षाच्या जागी पाय आले. चहा दोघीत एक झाला. हे सगळे घरातल्या घरात झाकता येते. लग्नात साडी झाकता येत नाही.

आता बायडाबाईचे सांगते. तिची मुलगी रतन हिची सुपारी रविवार, २४ एप्रिल रोजी कपिलधारला फुटली. खर्च नको म्हणून दोन्हीकडची पाच-पाच माणसेच ठरली होती, म्हणून आम्हाला बोलावणे नव्हते. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. मी त्या दिवशी कामावर होते. नवरा शेळ्या घेऊन डोंगराकडे गेले होते. घराला कडी होती. पेटीला कुलूप होते. किल्ली दारामागच्या खिळ्याला असते.

सायंकाळी घरी आले तेव्हा किल्ली खिळ्याला उलटी अडकवलेली होती. मी ती सुलटी केली. पेटी उघडली नाही. मला भाकरी टाकायच्या होत्या.

साहेबांनी विचारले की, बायडाबाईने ह्या खेपेला तोंडाने साडी मागितली होती काय? त्यावर सांगते की, मार्च महिन्यात तिने पुतण्याच्या लग्नात घडी मोडली होती आणि त्याच्या आधी संक्रांतीलाही. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत मी म्हणाले होते, "बायडे, साडी तर तुझ्याच अंगाची झाली की गं!" मी चेष्टेने म्हणाले. सगळ्या हसल्या, तीही हसली. त्यानंतर रतनची सुपारी ठरली ती मला तिने सांगितली, साडीचे काढले नाही. मीही आपण होऊन "घडी मोड" म्हणायला पाहिजे होते. रोज समोर होती. माझी जीभ आधी नको तिथे चालली आणि नंतर पाहिजे तिथे चालली नाही. यात दोष कोणाचा असेल तर माझा लिहावा.

साडी आठवडाभर परत का आली नाही याचे कारण पाणी. साडी धुतल्याशिवाय परत करायची नाही असा आमचा नियम आहे. बिंदुसरा नदीत पाणी नाही, बोअर आटले. टँकर चौथ्या दिवशी यायचा तो ह्या खेपेला नवव्या दिवशी आला. तिच्या घरी प्यायला दोन घागरी होत्या. जप्तीच्या कागदात "साडी वापरलेली, पदरावर हळदीचा डाग" असे लिहिले आहे. तो डाग रतनच्या सुपारीतला आहे, शुभ आहे.

भारत शुक्रवारी रजेवर आला. गुरुवारी चुलत भावाचे लग्न आहे, त्यात तू माझी साडी नेस असे म्हणाला. मी उद्या बघू म्हणाले. शनिवारी मी कामावर गेल्यावर त्याने पेटी उघडली. रिकामी पिशवी पाहून शेजारी विचारले, तेव्हा कपिलधारला बायडाबाईच्या अंगावर पाहिली असे कोणीतरी सांगितले. तो तसाच इकडे आला. पोरगा रागीट आहे, वाईट नाही. रात्री मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, सतरा खेपा सगळ्या नेसल्या. तू कितींदा नेसलीस?" मी म्हणाले मला ड्युटी असते. त्यावर तो अंगणात जाऊन बसला. अर्ज मागे घेण्याचे त्याने कबूल केले आहे.

काल, रविवारी, पोलीस बायडाबाईच्या घरी गेले व साडी ताब्यात घेतली. आज सकाळी मुकादमाने तिला गेटवर अडवले. "ठाण्याचा कागद आण, मग हजेरी. चोरीच्या बाईला आत घेतलं तर मला बाहेर काढतील," असे तो म्हणाला. ती मला म्हणाली, "अक्का, तुमी जावा आत, कावून तुमची हजेरी बुडवता?" सात वाजता साचे सुरू झाले. समोरच्या साच्यावर दुसरीच बाई उभी केलेली होती. मी दहा मिनिटे काम केले व निघून आले. माझी आजची हजेरी गेली, ती कोणामुळे गेली असे लिहू नये. बायडाबाईची नोकरी गेली तर रतनची सोयरीक राहील का, याचा साहेबांनी विचार करावा. पाहुणे पाच असले तरी कान सगळ्यांना असतात.

साहेबांनी मला बायडाबाईचा कालचा जबाब वाचून दाखवला. त्यात तिने "अक्काला न्हाई इचारलं, मीच नेली" असे सांगितले आहे. ती खोटे बोलत नाही, तिला तेवढे येत नाही. पण तिला पुरते माहीत नाही. साहेब म्हणाले, मग तुम्ही साडी दिली कोणत्या तारखेला, ते सांगा. त्यावर सांगते की, साडी आली त्या साली किल्लीचा खिळा मी तिला स्वतः दाखवला आणि "मी नसले तर घे गं" म्हणाले. त्या दिवशी दिली. तारीख आठवत नाही. अमावस्या होती.

माझी एवढीच विनंती आहे की, साडी मला न देता बायडाबाईच्या हाती द्यावी. धुऊन देण्याची पाळी तिची आहे, तिला खाली बघायला लावू नये. दोन घागरी पाणी मी माझ्या घरून देते. पदराचा डाग तेवढा घासू नको असे तिला सांगते. पंचनाम्याला जमादारांनी साडी टेबलावर पूर्ण उलगडली, त्यामुळे अठराव्या खेपेची घडी त्यांनी मोडली असे आम्ही धरतो. गुरुवारच्या लग्नात साडी मी नेसणार आहे. भारत त्या दिवसापर्यंत आहे.

मला सही येते. जबाब जमादारांनी मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. पहिल्या पानावर एका ठिकाणी "बायडाबाईने साडी नेली" असे पडले होते. तिथे "नेली" खोडून माझ्या सांगण्यावरून "दिली" केले आहे, आणि बायडाबाईच्या जागी माझे नाव घातले आहे. खोडल्याजवळ माझी सही आहे.

केसरबाई