दर्याला दिलेलं

लालबागला मसाला कुटायच्या रांगेत रुपालीचे कान पुढच्या म्हाताऱ्या कोळी जोडप्याकडे लागले.

“जहाजावर होतो ना, गुणवंती, तेव्हा ग्रीसच्या एका गावात महिनाभर अडकलो. विहीर खणली तरी पुराण्या देवळाचे खांब लागायचे!”

“आणि माणसं?”

“आपल्यासारखीच. दारात जाळी विणणारी. सणाला पाद्री दर्यात क्रूस टाकतो, पोरं बुडी मारून परत आणतात.”

“दिलेलं परत घेतात? आपण नारळ दिला की तो दर्याचा.”

“त्यांचा दर्या अजून दारात आहे गं.”

“आपल्या शीवच्या कोळीवाड्यालाही खाडी दारात होती. बुजवली मेल्यांनी.”

“यंदा पुनवेला नारळ कुठं सोडायचा?”

“टॅक्सीनं माहीमला जाऊ. दोन घ्या. एक घरी ठेवू.”

“घरी कशाला?”

“खाडी परत आली तर?”