सुनेच्या हातचा घास

बालाघाटच्या डॉक्टरांच्या ओसरीवर अलकनंदाबाई नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते, अन् ऐकायचं नाही म्हटलं तरी शब्द कानावर पडतच होते.

“भोजराजभाऊ, नागपूरचा डाक्टर काय बोलला?”

“छातीले तारा लावल्या अन् डबलरोटी खायले देली. घास गळ्याखाली उतरला की माया दिलाची धडधड अडखळते, म्हणे. म्हणून भोवळ येते.”

“कोणाच्याही हातच्या घासानं?”

“हौ.”

“मंग तुमची सून...”

“लग्नानंतर तिनं पहिल्यांदा रांधलं. रिवाजानं पहिला घास मी घेतला अन् ताटावरच आडवा झालो. दुसऱ्या खेपेलेही तसंच. घरची म्हणे, पोरीनं काहीतरी चारलं. धाडली लामत्याले, माहेरी.”

“तीन वर्षं झाली न?”

“ती गेल्यावर महिन्याभरात घरचीच्या हातचं खातानाही भोवळ आली, मधूभाऊ.”

“मंग बोलले काहून नाही?”

“कोणत्या तोंडानं बोलू? भिंतीले टेकून जेवाले बसू लागलो, कोणाले कळू नये म्हणून.”

अलकनंदाबाईंच्या हातातला पंखा थांबला.

“आता त घेऊन या तिले.”

“गेलतो परवा. पाया पडली. चूल पेटवली, दूध, साखर, पत्ती माया पुढं मांडली, अन् दूर सरकून बसली.”

“काहून?”

“म्हणे, बाबूजी, चहा तुमीच करून घ्या. तुमाले पुन्हा काही झालं, त मले धाडाले दुसरं माहेर नाही.”