उरलेला मजकूर पान सहावर

हॅलो?... हो, मीच. आयसीयूबाहेर जिन्यात उभा आहे, रेंज जाते-येते... कुठे आलात, चैताली?... सिन्नर. महेशरावांना म्हणावं, सावकाश चालवा...

नाही गं, तसंच आहे. आईला मास्क लावूनही ऑक्सिजन चौऱ्याऐंशीच. आता नळी घालायची म्हणतायत... हो, केली सही.

फ्लूच. रिपोर्ट आला... माझ्याकडूनच, दुसरं कोण? मी तीन दिवस खोकलो, मऊ भात खाल्ला आणि उठलो. ती उशाशी बसून होती...

हो, मी लस घेतली होती. जूनमध्ये... हो, सांगितलं होतं तुला, दोघांनी घेतली म्हणून...

अगं ऐक ना. एकदा सलग बोलू दे, मग काय ते बोल. तिने नाही घेतली. दवाखान्यात माझ्या शेजारीच बसली होती, बाही वर करून. म्हणाली, "अहो, तुम्ही सगळं वाचता, मी घेऊ ना?" मी म्हणालो, निम्म्यांनाच लागू पडते, पेपरात आलंय. सुईला घाबरतेच ती. बाही खाली केली.

...तू रागावशील म्हणून खोटं बोललो.

नाही, पेपर खरा होता. खाली लिहिलं होतं, उरलेला मजकूर पान सहावर. मी पान उलटलंच नाही. काल रद्दीतून काढून वाचलं... काय असणार? लस घेऊनही फ्लू झाला, तर सहसा इतका जड जात नाही. भरती व्हायची वेळ कमी येते... कमी, गं. येतच नाही असं नाही. डॉक्टरांनाही विचारलं. म्हणाले, घेतली असती तरी खात्री नव्हती. पण...

हो. चाळीस वर्षं वाचनालयात काढली. माहीत आहे मला.

...रड, पण फोन ठेवू नकोस.

थांब. सिस्टर बोलावतायत. नळीआधी दोन मिनिटं भेटू देणार आहेत... शुद्धीत आहे, हो. तू येतेयस ते आधी सांगतो...

ते? पान सहाचं? ते कसं सांगू? तिला काहीच माहीत नाही. सकाळी मास्क बाजूला करून मला म्हणाली, "बरं झालं, त्या निम्म्यांत तुम्ही आलात."

ठेवतो. सिस्टर दार धरून उभ्या आहेत.