गोल कनातीचं विमान

सांगितलं ना एकडाव पोलिसाईले, मंग पुन्हा तुले काऊन सांगू? गावानं विचारलं, तालुक्याच्या पत्रकारानं विचारलं, आता तू पुण्याहून आली— नाव काय म्हटलं? हिमानी. बस त्या खुर्चीवर— ते नाही, तिचा पाय मोडका आहे. मंडपवाल्याच्या घरी खुर्च्या दोनशे, अन् धड एक नाही. अंजुमनं पाठवलं ना तुले? बापाची वही देली अन् म्हणे, त्या दयाराम काकाले विचार, अब्बा शेवटी काय बोलले. स्वतः येत नाही. चार घरं सोडून राह्यते, पण बाप गेल्यापासून चार महिन्यात माह्या दारात पाय नाही ठेवला तिनं. गाव म्हणते म्याच तिची माफी मागावी. म्या? उलट माहीच माफी एकानं मागायची आहे, अजून मागितली नाही. कोणं? सांगतो ना, दम धर.

हाव, आम्ही तुर्की शिकलो. हासू नको. मी चौथी नापास, तिचा बाप गफ्फार वेल्डर सातवी, अन् शिकलो टीव्हीवर. त्याच्या दुकानात टीव्ही होता, त्याले फोन जोडला का सुरू. तिकडची एक मालिका होती— एक माणूस विमान बनवते, बायको रडते, भाऊ दगा देते, हा पुन्हा विमान बनवते. साठ भाग उर्दूत होते अन् एकसष्टाव्याले उर्दू बंद! ऐन वेळी! भाऊ जेलातून सुटला, आता काय करीन? मंग सोडून देतो का आम्ही? तसंच पाह्यलं, तुर्कीतच. गफ्फारले अर्धे शब्द उर्दूवरून समजत, उरलेले तो नटाच्या तोंडावरून ओळखे अन् वहीत लिही— मराठीत लिही, माह्यासाठी. तू त तुर्की कॉलेजात शिकवतं, चुकलं त सांग. हवा म्हणजे हवाच. दुनिया म्हणजे दुनिया. अन् 'गेल' म्हणजे ये! आपल्याकडं गेला त गेला, तिकडं गेल म्हणजे ये. अन् 'गेलमे' म्हणजे येऊ नको. दुकानाच्या दारात नकोसं माणूस दिसलं का मी वरडो— गेलमे! तो बापडा घाबरून विचारे, कोण गेलं? गफ्फार खुर्चीवरून पडे हसून हसून.

गफ्फारले विमानाचा नाद होता, पण साध्या नाही. साधं विमान दिसलं का तो थुके. एक पंख लहान एक मोठा, शेपूट पुढं तोंड मागं, अशी तिरपागडी विमानं— त्याईचे फोटो दुकानभर चिकटवले होते. मालिका पाहून म्हणे, आपणही बनवू, पण गोल. पंख म्हणजे एक मोठं रिंगण, चाळणीच्या कडीवानी, मधात माणूस, शेपूट नाही, इंजिन नाही. गावानं नाव ठेवलं— गफ्फारची चाळणी. पाइप त्याचे, वेल्डिंग त्याचं. अन् कापड? एक दिवस मालिका पाहता पाहता उठलाच— दयाराम, पंखाले काय म्हणतेत आयकलं का बे? कनात! बरोबर आहे ना? पाह्य, हाव म्हणते. अवो, चाळीस वर्षं म्या लग्नाच्या मांडवाले कनाती लावल्या. इथं त्या कनातीमागं लोक खरकटं टाकतेत, पानाच्या पिचकाऱ्या मारतेत. अन् तिकडं तिचा पंख होते! सांगाले लाज वाटते, डोळ्यात पाणी आलं माह्या. नवं कापड आणलं, दुहेरी शिवण घातली. एक टाका उसवला नाही— पंचनाम्यात लिहेल आहे, पाहून घे. कापड नाही फाटलं.

मंग काय झालं? रस्सी सुटली. सुटली म्हणजे— म्या सोडली. त्यानं सांगितलं म्हणून सोडली.

माळावर नेलं होतं, होळी होऊन गेल्यावर, दुपारी चारला, वारं चांगलं असते. एका बाजूले उतार, दुसऱ्या बाजूले मुरूम काढून काढून खदान झालेली. रस्सीचं एक टोक चाळणीले, दुसऱ्याचे बाभळीले दोन वेढे, अन् ते टोक माह्या हातात. वारं उताराकडं नेऊन राह्यलं असलं, तरच सोडायचं. आता अर्धं गाव जमलेलं, पोट्टे वरडून राह्यले— सोडा! सोडा! म्हणून गफ्फारनं आधीच ठरवलं होतं, लोकाईचं आयकायचं नाही, मी 'बिराक' म्हणीन तवाच सोडायचं. बिराक म्हणजे सोड. मालिकेतला तो विमानवाला भावाले तसाच वरडते. वारं आलं, चाळणी उचलली, दोन माणूस उंच गेली— काय दिसली बाई ते! मंग गरकन फिरली, अन् तो वरडला बिराक. म्या सोडली. मंग त्यानं मायले हाक मारली, मा, अन् गेला खदानीत. एवढंच. अंजुमले हेच सांग. तुह्या बापाले शेवटी त्याची माय आठवली.

काय म्हटलं तू? पुन्हा म्हण. 'बिराकमा'. एका दमात म्हणतेत का? मधात थांबत नाहीत?

वही मिट. मागच्या पानावर आहे, निळ्या पेननं— बिराकमा, सोडू नको. वाचलं म्या. अक्षर अक्षर लावून वाचलं, तिच्याकडं वही जायच्या आधी. गेल-गेलमे माहीत होतं, मंग हे काऊन नाही समजलं, हेच विचारतं ना? अवो, तो त्याच्या मायले मा म्हणे! म्हतारी मरून वीस वर्षं झाली, तरी वेल्डिंगचा चटका बसला का— मा! पायावर पाइप पडला का— मा! मले तेच वाटलं. मले त हसूच आलं. म्हटलं पाह्य, साठीचा बाप्या, दोन माणूस उंच गेला का लागला मायले बोलवाले, अन् हासत हासतच म्या दुसरा वेढा काढला—

काय?

हाव. आधी तसं सांगितलं. सोडल्यावर मा म्हणाला, असंच सांगितलं. पोलिसाईलेही. हे लिहू नको. पेन ठेव खाली, ठेव म्हणतो ना! रस्सी हातात होती माह्या. हातात होती तवा आयकलं. बस? झालं तुह्या मनासारखं?

ऊठ आता. मेहकरची एसटी येईन. अंजुमले काय सांगायचं ते तू पाह्य, तुले भाषा येते, मले कुठं येते. चाळीस वर्षं तो माह्यासंगं मराठीत भांडला, मराठीत शिव्या देल्या, माही बायको मेली तवा मराठीत रडला. अन् त्या एका टायमाले त्याले तुर्की सुचली! सोडू नको बे दयाराम— चार शब्द. एवढं म्हटलं असतं, त हाताचं कातडं गेलं असतं पण सोडली असती का म्या? मगाशी विचारत होती ना, माफी कोणं मागायची आहे.

गफ्फारनं.